एक्केचाळिसावा तुकडा

नागापूर,
९ जानेवारी २०२५

केविन,

वर आशीर्वाद लिहायला घेतला होता. मग वाटलं, ज्याचा फोन नंबर तू बंद करून टाकलास त्याचा आशीर्वाद तुला कशाला हवा. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

पत्ता एलिझाबेथबाईंनी दिला, तोही मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा. तू नाशिकला बहिणीकडे, जास्मिनकडे, आहेस एवढंच कळलं होतं. बाई म्हणाल्या, "अजिनाथभाऊ, पत्र लिहा, पण उत्तराची वाट बघू नका. तो जेवायलासुद्धा हाक मारल्याशिवाय येत नाही." तुझी आई इतकी हळू बोलते हे मला माहीत नव्हतं. शाळेत शिकवत होत्या तेव्हा त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा म्हणतात.

तुझे दोन्ही तुंबे, मोठा आणि मधला, ते उंच क्युबन ढोल, माझ्या खोलीवर आहेत. हे तुला आधी कळायला हवं. तू बाईंना सांगितलं होतंस की कुणालाही देऊन टाक, घरात दिसायला नकोत. त्या कुणाला देणार? मी टेम्पो करून घेऊन आलो. ते देवदारी खोकंही आणलं, आपल्याच कंपनीत बेअरिंग भरून आलेलं, ज्यावर बसून तू जेवणाच्या सुट्टीत वाजवायचास. खोक्यात तुझी निळी वही होती. ती उघडायला नको होती. उघडली.

पहिल्याच पानावर तू लिहिलं आहेस: 'क्युबाचा रुंबा. तीन चाली. १) यांबू: सगळ्यांत जुनी, संथ. गोदीतल्या माणसांनी रिकाम्या खोक्यांवर वाजवली. म्हातारा-म्हातारी नाचतात तसा नाच. २) ग्वाग्वांको: मधली लय. बाप्या झडप घालायला बघतो, बाई घागऱ्याने झाकून घेते, सापडत नाही. ३) कोलंबिया: जलद, सहा मात्रांची. एकटा पुरुष नाचतो. उसाच्या गावांतली.' आणि खाली लाल पेनाने: 'मार्चपर्यंत तिन्ही झोपेतसुद्धा ओळखता आल्या पाहिजेत.' मार्चमध्ये मुंबईत तुझी निवड होती, जहाजावरच्या वाद्यवृंदासाठी. ते पान मी पुन्हा उघडलेलं नाही.

मी शिकतो आहे, केविन. हसू नको. एकोणपन्नासाव्या वर्षी माणसाने नवीन वाद्य धरू नये हे मला कळतं. पण पखवाज मी लहानपणापासून वाजवतो, शनिवारचं भजन कधी चुकवलं नाही. हाताला सवय आहे, असं मला वाटलं होतं.

माझ्या मोबाईलवर तू वाजवून पाठवलेले एक्केचाळीस तुकडे अजून आहेत. रोज सकाळी पहिल्या पाळीला निघण्याआधी एक यायचा, मिनिटभराचा, आणि खाली लिहिलेलं, 'काका, ओळखा, कोणता?' उत्तर तू कधी लिहून दिलं नाहीस. चहाला माझ्यासमोर बसून विचारायचास, आणि मी चुकलो की सगळ्या मशिन शॉपला ऐकू जाईल असा हसायचास. मग खरं नाव सांगायचास, ते मी टिपून ठेवत गेलो. चाळीस तुकड्यांत मी अकरा वेळा बरोबर आलो, तेही अंदाजाने.

एक्केचाळिसावा तुकडा अठरा नोव्हेंबरचा आहे. सकाळी पाच चाळीसचा. त्या दिवशी चहाची सुट्टी झालीच नाही. त्याचं उत्तर द्यायचं माझ्याकडे राहिलं आहे.

आणखी एक लिहायचं आहे. अपघाताची सुनावणी बावीस एप्रिलला आहे. प्रेस मशिनच्या दोन बटणांपैकी एकात पाचर होती, आणि ती कामगाराने सेटरला न विचारता स्वतः घातली, असं जबाबात लिहिलं आहे. मशिन लावून देणारा सेटर म्हणून त्या जबाबावर माझी सही आहे. सहादेव फोरमनने तो कागद दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्यापुढे धरला. तू आत होतास. मी पुरता वाचला नाही.

बावीस तारखेला मला बोलावलं आहे. खरं काय ते सांगेन, असं मनात आहे.

अजिनाथ


नागापूर,
२ फेब्रुवारी २०२५

केविन,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

गेले तीन आठवडे मी फक्त मोठा तुंबा वाजवतो आहे. तुझ्या वहीत त्याच्यापुढे लिहिलं आहे, 'पहिल्या मात्रेवर नुसता तळवा टेकवायचा. आवाज काढायचा नाही. मोकळी थाप शेवटी.' वाचायला दोन ओळी आहेत. करायला गेलो की माझा हात ऐकत नाही. पहिली मात्रा आली की तो आपोआप वर जातो आणि धाडकन समेवर पडतो. चाळीस वर्षं मी समेसाठीच वाजवत आलो. समेवर आलो की विणेकरी मान हलवतो, टाळकरी एकत्र येतात, देवापुढे पोचल्यासारखं वाटतं. ती जागा रिकामी कशी सोडायची?

तू मला हे आधीच सांगितलं होतंस. एकदा चहाला मी खोक्यावर वाजवून दाखवलं, तेव्हा तू कपाळाला हात लावलास. "काका, पहिली मात्रा म्हणजे उंबरा. ओलांडायचा असतो. तुम्ही दर वेळी त्याच्यावर उभे राहता." सहादेव म्हणाला, "उभा न्हाई, बसतो तो. उंबऱ्यावर बसून तंबाखू मळतो." मीही हसलो होतो.

तुझी काकू पहिले दोन दिवस ऐकत घरकाम करत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आवो, ह्ये दुसऱ्याच्या पोराचं वाजिवताय, त्याला इचारलं का?" मी म्हणालो, त्याच्यासाठीच वाजवतो. ती म्हणाली, "त्याच्यासाठी काय करायचं त्ये ह्यात हाय व्हय?" आणि भाकरी थापायला लागली.

तुकडे मात्र रोज ऐकतो. यांबू आणि ग्वाग्वांको यांत मी अजून चुकतो. दोन्हींत टाळासारख्या वाजवायच्या काठ्या सारख्याच पडतात, पाच ठोके, आधी तीन, मग दोन. नुसत्या लयीवर जावं तर तूच कधी यांबू घाईत वाजवला आहेस. मग मला एक युक्ती सापडली. मधला तुंबा ऐकायचा. यांबूत तो सांगितलेलं काम करतो. ग्वाग्वांकोत तो मध्येच तोंड घालतो, आणि त्याच्या वर तू बोटांनी खोक्यावर काहीतरी बोलत राहतोस, कुणाची तरी वाट अडवल्यासारखं. हे बरोबर आहे का तेवढं कुणी सांगणारं नाही.

एक्केचाळिसावा तुकडा वेगळा आहे. बाकीचे ऐकताना मी पहिले चार-सहा ठोके चाचपडतो, मात्रा कुठे सुरू झाली तेच कळत नाही. हा लागला की पहिल्या थापेपासून पाय ठेवायला जागा सापडते. मान आपोआप हलते. मला वाटतं, तू त्या दिवशी माझ्यासाठी मुद्दाम सोपा वाजवलास. सध्या माझा अंदाज ग्वाग्वांको.

माळ हातात घेऊन बसतो, पण मन लागत नाही. मोजत राहतो, एक दोन तीन, एक दोन. हे चूक असेल तर देव बघून घेईल.

अजिनाथ


नागापूर,
९ मार्च २०२५

केविन,

आज रविवार. चर्च सुटायच्या वेळी मी फाटकाबाहेर उभा होतो. एलिझाबेथबाईंनी मला पाहिलं आणि घरी चला म्हणाल्या. तुझा डबा भिंतीवरच्या खिळ्याला तसाच लटकला आहे.

मी त्यांना सांगितलं की बावीस एप्रिलला मी जबाब बदलणार आहे. त्या कप विसळत होत्या. म्हणाल्या, "सही केली तेव्हा वाचला होता का तुम्ही तो कागद?"

मी म्हणालो, "न्हाई बाई. घाईगर्दीत..."

"मी चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, भाऊ. कुणी नक्कल केली ते मला पान उलटायच्या आधी कळायचं."

मग त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला. साखर किती ते विचारलं. मी तो चहा शेवटपर्यंत प्यायलो. निघताना त्या म्हणाल्या, "आम्ही रोज संध्याकाळी तुमचंही नाव घेतो प्रार्थनेत. मला जमत नव्हतं आधी. आता नुसतं नाव घेते, पुढे काही मागत नाही."

केविन, जबाब मी वाचला होता. दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना 'स्वतः' या शब्दावर थांबलो होतो. सहादेव पेनाचं टोपण काढून उभा होता.

तो परवा खोलीवर आला. तुंबे बघून खाली बसला, खोक्यावर दोन बोटं वाजवली. म्हणाला, "आजिनाथ, येड्यावानी करू नको. पोरगं गेलं नाशकाला, त्याची बहीन हाय, आय हाय. तुला सांभाळायला कोन हाय? ही खोली कंपनीची. ह्या वयात तुला दुसऱ्या शॉपात सेटर म्हनून कोन घेतंय?"

मी म्हणालो, "मग काय करू?"

"काय करायचं न्हाई. त्येच तर सांगतुय. जे हाय ते ऱ्हाऊ दे. आन् सही तुझी हाय, माझी न्हाई."

जाताना दारातून म्हणाला, "वाजीव जरा, ऐकू दे." मी वाजवलं. तो म्हणाला, "लई भारी. भजनावानीच वाटतंय." त्याला चांगलंच म्हणायचं होतं.

मार्चची नऊ तारीख. मुंबईची निवड याच आठवड्यात होती ना? हे विचारायला नको होतं. शाईने लिहिलं, खोडलं तर तुला दिसेलच, म्हणून राहू देतो.

यांबू आणि ग्वाग्वांको आता मी दहांतले आठ ओळखतो. तुला सांगावंसं वाटलं.

अजिनाथ


नागापूर,
६ एप्रिल २०२५

केविन,

कोलंबिया मला सगळ्यांत शेवटी कळली आणि कळली ती आईमुळे.

ती दोन दिवस माझ्याकडे आली होती. तुला मी तिच्याबद्दल सांगितलं नसेल. झुंबरबाई. तिने सव्वीस हंगाम ऊस तोडला. मी चौथीपर्यंतची अर्धी शाळा तिच्या फडावर पाचटाच्या कोपीत केली आणि अर्धी गावात. आता तिचे गुडघे गेले आहेत, पण कान शाबूत आहेत. मी तुझा तेविसावा तुकडा लावला होता. मला तो चार मात्रांचा वाटायचा आणि दर वेळी मध्येच हातातून निसटायचा. आई भिंतीला टेकून ऐकत होती. ती उजवा हात मांडीवर आपटायला लागली. आपटे, थोडा थांबे, पुन्हा आपटे. मी विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, "बुडका, शेंडा, टाक. बुडका, शेंडा, टाक." कोयत्याचा एक घाव बुडख्यावर, एक शेंड्यावर, मग कांडं मोळीवर टाकायचं. तीन. आणि पुन्हा तीन. ती सहाची चाल होती. तुझ्या वहीत लिहिलं आहेच, उसाच्या गावांतली. ते वाचून मी पुढे गेलो होतो. आई न वाचता पोचली.

ती म्हणाली, "कुनाचं हाय ह्ये?" मी म्हणालो, माझ्याबरोबर कामाला होता, त्याचं. "मंग आता?" मी म्हणालो, हाताला लागलं. आईने विचारलं, "कोयता?" मी नाही म्हणालो. पुढे तिने विचारलं नाही. फडावर ज्याच्या हाताला लागतं त्याच्या शेजारी कोण होतं, हे कुणी विचारत नाही. शेजारचा स्वतःच सांगतो.

तर मी सांगतो. तुला सांगून उपयोग नाही, तू तिथे होतास. तरी एकदा माझ्या हाताने लिहिलेलं असू दे.

पाचर बाभळीची होती. मी तासली होती, माझ्या चाकूने, रविवारी दुपारी, दारात बसून. एक नाही, आठ. दोन्ही बटणं दोन्ही हातांनी दाबायची तर प्रत्येक नगाला वेळ जातो. एकात पाचर बसवली की ते दाबलेलंच राहतं, एक हात पत्रा सरकवायला मोकळा होतो. महिनाअखेरपर्यंत मोठा माल द्यायचा होता, घाई होती, वरून बोलणी मी खात होतो. सगळ्या शॉपांत करतात, असं मी स्वतःला सांगितलं.

सोमवारी सकाळी तू मशिनवर आलास आणि पाचर बघून म्हणालास, "काका, माझ्या मशिनची काढा. मला हातांचं काम आहे."

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, "लई नखरे करू नको. हात संभाळायचेत तर घरी जाऊन तुंबा वाजीव." आणि पाचर सैल होती ती पक्कडीच्या मुठीने आणखी आत ठोकली. दोन ठोके. सव्वानऊला चहा होता. नऊला तुझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

बाकीच्या सात पाचरी मी त्याच दिवशी काढून खिशात घातल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आता त्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर आहेत. तुझी काकू झाडताना त्या उचलते आणि पुन्हा तिथेच ठेवते.

बावीस तारखेला हेच सांगणार आहे. दोन पानं लिहून तयार आहेत. सोळा दिवस राहिले.

तिन्ही चाली आता मला ओळखू येतात. चाळीसपैकी चाळीस. पण तो शेवटचा बसत नाही. ग्वाग्वांको म्हणावा तर मधला तुंबा गप्प आहे. कोलंबिया तर नाहीच. यांबू असावा.

अजिनाथ


नागापूर,
२३ एप्रिल २०२५

केविन,

काल मी गेलो होतो. धुतलेला सदरा घातला, दोन पानांची प्रत काढून घेतली, आणि साडेदहाला कामगार कचेरीत जाऊन बसलो. बाकावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. सहादेवही आला नव्हता. मला वाटलं, मी लवकर आलो.

साडेबाराला कारकुनाने नाव विचारलं. फाईल काढली, उलटली. म्हणाला, "हे तर मिटलं की. बारा तारखेलाच तडजोड दाखल झाली. दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत."

मी म्हणालो, "माझी साक्ष हाय आज."

"कशावर साक्ष देणार, बाबा? काही राहिलंच नाही."

"सायेब, पाचर मी घातली हुती."

त्याने माझ्याकडे बघितलं. वाईट माणूस नव्हता. त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला. म्हणाला, "मग आधी यायचं होतं." पुन्हा तेच म्हणाला, जरा हळू. "जानेवारीत आला असतात तर घेतला असता जबाब. तारीख साक्षीची असते. खरं सांगायला तारीख कशाला लागते?"

मी ती दोन पानं पुढे केली. त्याने आवकचा शिक्का मारला, एक प्रत ठेवून घेतली, एक मला परत दिली. त्या पानांचं काय होणार विचारलं तर म्हणाला, "फाईलला लागतील. फाईल बंद आहे."

तडजोडीचा कागद त्याने मला दाखवला. माझ्याच जबाबातलं वाक्य त्यात उतरवलं आहे, 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे'. त्याखाली तुझी सही आहे. डाव्या हाताची. पहिलीतल्या पोराने पाटीवर काढावी तशी, अक्षरं मोठी होत गेलेली, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं. मी ती बघत उभा राहिलो तेव्हा कारकुनाने हात लांब करून फाईल हळूच ओढून घेतली.

केविन, मी साडेतीन महिने तुला पत्रं लिहीत होतो. नागापूरहून त्या कचेरीत जायला सिटी बसने पाऊण तास लागतो. मी तुला लिहायचं निवडलं. तुला कबूल करणं सोपं होतं, कारण तू पत्र उघडत नसशील असं मी धरलं होतं. आणि खरं सांगायला मी तारखेची वाट बघत होतो. समेवर येऊन धाडकन सांगायचं, सगळ्यांनी मान वर करून बघायचं, असं काहीतरी माझ्या मनात असावं. तेवढ्या वेळात तू थकलास.

आज सकाळी सहादेवने फाटकावरच सांगितलं, "तुझं हजेरीचं कार्ड काढून घेतलंय. खोली म्हैनाअखेर." मग खिशातून तंबाखूची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, "तू सांगितलं म्हनं तिथं. मला जमलं नस्तं." त्याच्या तोंडाकडे बघून मला राग आला नाही. माझ्याही तोंडाकडे कुणी असंच बघत असेल.

देवापुढे बसलो. काय मागायचं ते कळेना. तुझ्या आईसारखं मीही नुसतं नाव घेतलं, तुझं, आणि उठलो.

अजिनाथ


गावाकडून (ता. पाथर्डी),
११ मे २०२५

केविन,

तुंबे गावी आणले आहेत. पडवीत ठेवले आहेत, ऊन लागणार नाही अशा बाजूला. चामडं उन्हात ताणतं असं तू म्हणायचास. खोकंही आहे. आई त्यावर बसून शेंगा फोडते. मी उठवत नाही.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर. "काका, मी जास्मिन बोलतेय नाशिकवरून." तिचा आवाज बाईंसारखाच आहे, त्यांचा शाळेत असायचा म्हणतात तसा खणखणीत. म्हणाली, "दादाने तुमची पत्रं उघडली नाहीत. मी उघडली. त्याला सांगितलं नव्हतं. शेवटची दोन मात्र परवा वाचून दाखवली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तो इथेच बसलाय. बोलणार नाही म्हणतोय. फोन स्पीकरवर आहे, तुम्ही बोला."

केविन, मी दोन पानं लिहून काढली होती, कारकुनापुढे उभा राहिलो होतो, आणि आता मला एक वाक्य येईना. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. आई शेंगा फोडायची थांबली. मी म्हणालो, "केविन, तुंबे हायेत माझ्याकडं. चांगले ठेवलेत." एवढंच. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, ठेवला फोन.

मग तू बोललास. सहा महिन्यांनी.

"एक्केचाळिसावा कोणता?"

जास्मिनने ते वाचून दाखवलं असणार, म्हणून विचारलंस. का विचारलंस ते मला अजून कळत नाही. तुझा आवाज चहाच्या सुट्टीतला नव्हता. सपाट होता. मी नीट बसलो. इतक्या महिन्यांत मला एवढं एकच उत्तर द्यायचं होतं, आणि मला ते येत होतं. मी म्हणालो, "यांबू."

तू म्हणालास, "नाही."

मी म्हणालो, "मग ग्वाग्वांको?"

"तिन्हीपैकी कोणताच नाही. तुम्ही वाजवता तसं वाजवलं होतं. पहिली थाप मारून."

आणि फोन बंद झाला. मी तो नंबर परत लावला नाही. तुझ्या बोलण्यात माफी नव्हती. ती मी त्यात शोधतही नाही.

त्यानंतर मी तो तुकडा पुन्हा लावला. खरंच, दर फेरीला धाडकन सम. उंबऱ्यावर उभा राहून. माझीच चूक, माझ्याच हातासारखी जड, हुबेहूब. आणि मी म्हणत होतो, याच्यात पाय ठेवायला जागा सापडते. सकाळी पाच चाळीसला उठून, डबा भरायच्या आधी, तू माझी नक्कल करत बसला होतास. तेव्हा तुझ्या दोन्ही हातांना दहा बोटं होती.

तुकडा अठ्ठावन्न सेकंदांचा आहे. शेवटची थाप बावन्नाव्याला पडते. पुढे खरखर येते, ती मला इतके महिने खोकं सरकल्याची वाटत होती. आज कानाला लावून ऐकली. ते खोकं नाही. तू तोंड दाबून हसतो आहेस.

अजिनाथ